सहाशे बारा मुलगे गुणिले चारशे अठ्ठ्याऐंशी मुली

सलग तीन वर्षं समाजाच्या वधू-वर मेळाव्याच्या यादीत दिव्यानी भानारकर हिच्या नावापुढं 'निरंक' असं छापून आलं. ते छापणारा प्रोग्राम तिच्या सख्ख्या बापानंच लिहिलेला होता.

निरंक हा कचेरीतला शब्द. ज्या रकान्यात भरण्यासारखं काही नसतं तिथं तो लिहायचा. देवाजीभाऊ भानारकर सिंदेवाहीत एका सरकारी कचेरीत बावीस वर्षं कारकून होते, त्यामुळं तो त्यांच्या हाताला बसलेला. तलावात किती मासोळी मेली, निरंक. वादळानं किती घरं पडली, निरंक. पण पोटची पोरगी एम.एस्सी. बी.एड. होऊन सत्ताविसाव्या वर्षात आहे, आणि समाजातले सगळे मुलगे तपासून झाल्यावर तिच्यापुढं निरंक, हे त्यांच्या बायकोला, प्रेमिलाबाईंना, सहन होईना. दुसऱ्याच्या पोरीला निरंक लिहा, घरच्या पोरीला लिहायला तुमचा हात कसा उठतो, असं त्यांनी विचारलं. हात नाही, प्रिंटर, असं देवाजीभाऊंनी सांगून पाहिलं. त्या रात्री त्यांना भातावर वरण मिळालं नाही.

दोष कुठं होता ते देवाजीभाऊंना ठाऊक होतं. ओळ क्रमांक चौदा. मुलाचं शिक्षण मुलीपेक्षा कमी असेल तर तिथंच गडी बाद. समाज तलावावर आणि वैनगंगेवर जाळं टाकणाऱ्यांचा, धानाची शेती करणाऱ्यांचा. मुलगे दहावी, बारावी, फार तर आयटीआय. एम.एस्सी.पर्यंत जाणार कोण? चौदाव्या ओळीत सगळा समाज एकदम गारद व्हायचा.

आता ती ओळ अशी कडक का ठेवली होती, तर त्याला कारण होतं. प्रोग्राम पंच्याण्णव साली लिहिला तेव्हा देवाजीभाऊंकडं लिलावातून आणलेली थ्री-एटी-सिक्स मशीन होती. ती इतकी सावकाश चालायची की तिला एक प्रश्न जास्त विचारला तर यादी दुसऱ्या दिवशी मिळे. म्हणून देवाजीभाऊ रुखमाबाईंकडं गेले. रुखमाबाई म्हणजे जन्मभर डोक्यावर सुक्या मासोळीची टोपली घेऊन मूलपासून आरमोरीपर्यंतचे आठवडी बाजार पायी केलेली बाई. कोणाच्या घरी काय शिजतं आणि कोणाची पोरगी केवढी झाली, हे तिच्या डोक्यात. समाजातल्या निम्म्या सोयरिकी तिनं जमवलेल्या. ती म्हणाली होती, आधी कूळ विचारायचं, मग वय, मग शिक्षण. कूळ एक निघालं तर त्या घरी पाणीसुद्धा मागायचं नाही, पुढच्या घरी जायचं. देवाजीभाऊंनी हेच जसंच्या तसं प्रोग्रामात घातलं. ज्या प्रश्नानं जास्तीत जास्त लोक गळतात तो आधी. मशीन गरीब होती, पण या युक्तीनं पाऊण तासात यादी काढायची. समाजात त्यांना लोक 'कंप्युटरवाले भानारकर' म्हणू लागले. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांना मिळालेली ही एकमेव बढती.

मग चौदावी ओळ पोरीपुरती सैल करायची होती, एवढं काय त्यात? पण देवाजीभाऊ पडले कारकून. स्वतःच्या पोरीसाठी नियम वाकवला असं कोणी म्हटलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं त्यांना वाटे. वाकवायचा तर सगळ्यांसाठी. म्हणजे कोणालाच अध्येमध्ये बाद करायचं नाही, प्रत्येक मुलाला प्रत्येक मुलीपुढं उभं करायचं, सगळे प्रश्न विचारायचे आणि शंभरपैकी गुण द्यायचे. शिक्षणात कमी पडला तर दहा गुण जातील, पण पोरगा जागेवर राहील. न्यायाला धरून होतं. फक्त जुन्या मशीनला हे झेपणार नव्हतं.

इथं सुरेंद्र आला. सुरेंद्र बसस्टँडसमोर कंप्युटर क्लास चालवायचा आणि सोबत मशीनही विकायचा. दोन हजार चारचा जानेवारी होता. त्यानं देवाजीभाऊंना पेंटियम फोरपुढं बसवलं, चहा मागवला आणि म्हणाला, "भाऊ, तवा मशीन गरीब होती म्हनून तुमाले डोकं लावा लागे. आता मशीनच येवढी दनकट हाय का डोकं घरी ठेवून या." देवाजीभाऊंनी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे उचलून मशीन घरी आणली. प्रेमिलाबाईंनी कुंकू लावलं. जुनी मशीन कपाटावर गेली आणि तिच्यावर उशीचा अभ्रा घातला गेला.

मशीन आली ही बातमी आळीत पसरायला संध्याकाळ पुरली, आणि मग सल्ले सुरू झाले. एरवी देवाजीभाऊ म्हणायचे, नाही जमत, मशीन दमते. आता तेही कारण उरलं नव्हतं. शेजारच्या बाईंनी सुचवलं, मुलाच्या घरच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहतं का ते घाला. पलीकडच्यांनी सांगितलं, मोटरसायकल. कोणी म्हणालं तलावाच्या संस्थेत मुलाचा हक्क आहे का, कोणी म्हणालं मामाचं गाव नदीच्या कोणत्या अंगाला. सासूचा स्वभाव घालावा असा ठराव बायकांनी मांडला. देवाजीभाऊंनी फॉर्मात तोही रकाना काढला. फॉर्म भरणार मुलाचीच आई, हे त्यांच्या लक्षात नंतर आलं. सहाशे बारा मुलांच्या सहाशे बारा आया स्वभावानं 'शांत' निघाल्या.

शेवटचा सल्ला वामनराव गुरुजींचा. हे समाजाचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक, आणि यंदाचा मेळावा नागपूरकडच्या शिकलेल्या लोकांनाही पसंत पडला पाहिजे ही त्यांची इच्छा. ते म्हणाले, पत्रिका जुळवा. देवाजीभाऊंनी नम्रपणे सांगितलं की आपल्यात पत्रिका कोणी पाहत नाही. गुरुजी म्हणाले, मशीन एवढी फास्ट आहे तर पाहायला काय जातं?

पत्रिकेला जन्मवेळ लागते. फॉर्म भरून आले तेव्हा जन्मवेळेच्या रकान्यात लोकांनी जे ठाऊक होतं ते प्रामाणिकपणे लिहिलं होतं. 'गाई घरी आल्या तेव्हा.' 'पहिला भोंगा झाला होता.' 'धान कांडून राह्यले होते.' 'नदीले पूर होता.' देवाजीभाऊ हरले नाहीत. गाई केव्हा येतात याची त्यांनी चौकशी केली. पावसाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेसहा. प्रोग्रामाला त्यांनी शिकवलं की 'गाई' हा शब्द दिसला की आधी महिना पाहायचा, मग वेळ ठरवायची, मग ग्रह मांडायचे. हे काम त्यांना इतकं आवडलं की तीन रविवार त्यातच गेले. असा विचार आजवर कोणी केला नसेल, असं ते दिव्यानीला म्हणाले. ती म्हणाली, नसेल बाबा, आणि शाळेतल्या पोरांच्या उत्तरपत्रिका तपासत राहिली.

मध्यंतरी कचेरीतून त्यांना ज्ञापन मिळालं. 'आपण शासकीय सेवेत असताना विवाह जुळविण्याचा व्यवसाय करीत असल्याचे निदर्शनास आले आहे, तरी खुलासा तीन दिवसांत सादर करावा.' देवाजीभाऊंनी सव्वातीन पानांचा खुलासा दिला. सदर कार्य विनामोबदला असून सुट्टीच्या दिवशी करण्यात येते, सबब व्यवसाय या संज्ञेत मोडत नाही. साहेबांनी खुलासा मान्य केला, फाइल बंद केली आणि हा प्रोग्राम आमच्या समाजाला चालेल काय, असं हळूच विचारलं. वीज कचेरीलाही एक अर्ज गेला, की मेळाव्याच्या दिवशी भारनियमन होऊ नये. त्याची पोच मिळाली. पोच मिळाली म्हणजे काम झालं असं बावीस वर्षं कारकुनी करूनही देवाजीभाऊंना वाटलं, याचं नवल आहे.

आणि मग चाचणी. देवाजीभाऊंनी पाच मुलं घेतली, पाच मुली घेतल्या, बटण दाबलं. पंचवीस सेकंदांत यादी. दिव्यानीच्या नावापुढं पाचही नावं, गुणांसकट. प्रेमिलाबाईंनी देवापुढं साखर ठेवली. मुलं एकूण सहाशे बारा, म्हणजे पाचाच्या साधारण एकशे बावीस पट. एकशे बावीस गुणिले पंचवीस सेकंद, म्हणजे एकावन्न मिनिटं. सुरेंद्रनं मोबाइलवर गुणाकार करून पाहिला आणि तोच आकडा आला, त्यामुळं दोघांचीही खात्री पटली.

रुखमाबाई त्या दिवशी ओट्यावर बसल्या होत्या. टोपली आता उचलत नव्हती, पण प्रेमिलाबाईंना झिंगे आवडतात म्हणून वाटीभर घेऊन आल्या होत्या. हिशोब त्यांच्या कानावर गेला. त्या म्हणाल्या, "येक पोट्टा वाढला त साऱ्या पोरीईले पुन्हा इचारा लागते, भाऊ. पाच घरचं काम अन् मुलुखभरचं काम सारकं नाई." देवाजीभाऊ मोठ्या समजुतीनं हसले. बाई, तुमच्या काळी पायी चालावं लागायचं, असं काहीसं ते बोलले. रुखमाबाईंनी झिंग्यांची वाटी रिकामी करून परत मागितली.

मेळावा फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी, शाळेच्या मैदानावर होता. मांडव, पताका, दोन हजार माणूस. गडचिरोलीकडून आले, मार्कंड्याच्या देवळाकडची, वैनगंगेकाठची गावं आली, एक कुटुंब तर थेट सिरोंच्याहून आदल्या दिवशी निघून आलं होतं. व्यासपीठावर एका बाजूला पाहुण्यांच्या खुर्च्या आणि दुसऱ्या बाजूला टेबलावर मशीन, तिला झेंडूचा हार. साडेनऊला वामनराव गुरुजींच्या हस्ते बटण दाबलं गेलं. टाळ्या झाल्या. पडद्यावर देवाजीभाऊंनी मोठ्या हौसेनं अक्षरं घातली होती: 'कृपया थांबा, जोडी तपासणे सुरू आहे', आणि खाली जोडीचा क्रमांक. बरोबर एकावन्न मिनिटांनी यादी वाचली जाईल, असं गुरुजींनी माइकवरून जाहीर केलं.

साडेदहाला पडद्यावर आकडा होता तीन हजार सहाशे. देवाजीभाऊंना वाटलं, आता थोडंच राहिलं असेल. अकराला वाटलं, मशीन नवी आहे, अजून रुळली नाही. साडेअकराला त्यांनी मंडपवाल्याच्या पावतीच्या पाठीवर पेनानं सहाशे बारा गुणिले चारशे अठ्ठ्याऐंशी मांडलं, हा गुणाकार आयुष्यात पहिल्यांदा. दोन लाख अठ्ठ्याण्णव हजार सहाशे छप्पन्न जोड्या. सेकंदाला एक. त्यांनी भागाकार केला, पुन्हा केला, पावती उलटी करून केला. तीन दिवस अकरा तास.

पाचाची पाचशे मुलं केली की मुलीही पाचाच्या पाचशे होतात, हे सिंदेवाहीच्या कोणत्याही चौथीतल्या पोराला कळलं असतं. आणि एका जोडीला अख्खा सेकंद का, तेही त्यांना आताच उमगलं. प्रत्येक जोडीला प्रोग्राम त्या मुलाची जन्मवेळ नव्यानं काढत होता. म्हणजे गाई घरी यायच्या वेळी जन्मलेल्या एकेका मुलासाठी गाई चारशे अठ्ठ्याऐंशी वेळा घरी येत होत्या. एकदाच आणून बांधून ठेवल्या असत्या तर काम झालं असतं. जुन्या मशीनवर देवाजीभाऊंनी अशी चूक स्वप्नातसुद्धा केली नसती. तिथं एकेका गाईचा हिशोब होता. नव्या मशीननं त्यांना उधळं करून टाकलं होतं.

सुरेंद्रला बोलावलं. त्यानं टेबलफॅन मशीनकडं वळवला. मग हार काढला, कारण हारानं हवा अडते. मग मेमरी वाढवावी लागेल म्हणाला, ती नागपूरला मिळते. यापेक्षाही फास्ट मशीन पुढच्या महिन्यात येणार आहे, हेही त्यानं सांगितलं. दोन हजार माणसं देवाजीभाऊंकडं बघत होती आणि त्यांना फक्त पहिल्या रांगेतली दिव्यानी दिसत होती. तिला त्यांनी सकाळीच सांगितलं होतं, यंदा निरंक येणार नाही, बापाचा शब्द आहे.

गुरुजींनी वेळ भरून काढायला समाजाचा इतिहास सांगायला घेतला. ते पाचव्या शतकात होते तेव्हा, बारा वाजून दहा मिनिटांनी, वीज गेली. यूपीएसनं दहा मिनिटं कळ काढली आणि मशीन बंद पडली. झालेल्या दहा हजारांवर जोड्या कुठंच लिहून ठेवल्या नव्हत्या. फास्ट मशीनला मध्ये जपून ठेवायची काय गरज? सगळं पुन्हा एकपासून.

जेवणं लवकर वाढली. मत्स्यबीजाच्या टाक्या चालवणारा प्रणित नावाचा एकजण आपलं डिझेल इंजिन घेऊन आला आणि त्याच्यावर जनरेटर जोडला. मशीन पुन्हा सुरू झाली. पडद्यावर पुन्हा 'कृपया थांबा', जोडी क्रमांक एक. ते पाहून माणसांची चुळबुळ वाढली. चारला मूलची गाडी, साडेचारला गडचिरोलीची. बायका पिशव्या आवरू लागल्या. सिरोंच्याचा गृहस्थ व्यासपीठाजवळ येऊन तेलुगू-मराठीत काहीतरी बोलला, त्याचा अर्थ कोणी सांगितला नाही आणि देवाजीभाऊंनी विचारलाही नाही. वामनराव गुरुजी मात्र माइक बाजूला करून स्पष्ट मराठीत म्हणाले की पुढल्या वर्षीपासून यादीचं काम सुरेंद्रकडं द्यावं लागेल.

त्या वेळी रुखमाबाई उठल्या. माइक त्यांना नकोच होता; बाजारात ओरडून कमावलेला गळा. मैदानावर शाळेच्या शर्यतींसाठी चुन्याच्या फक्कीनं पट्टे आखलेले होते. त्यांनी सांगितलं, आपापल्या कुळानं पट्ट्यात बसा, मुलगे या अंगाला, मुली त्या अंगाला. कोणत्या तीन आडनावांचं मूळ कूळ एकच, हे त्यांनी जागेवर सांगितलं आणि तेवढ्यांना एका पट्ट्यात कोंबलं. दहा मिनिटांत मैदान लागलं. दिव्यानीला त्यांनी हाताला धरून उठवलं, वही दिली आणि लिहायला लावलं. मग त्या मुलींच्या रांगेतून निघाल्या. बापांना त्यांनी काही विचारलं नाही. ते फॉर्मात सगळं लिहून बसले होते. प्रत्येक मुलीजवळ वाकून त्या एकच गोष्ट विचारत, तुला काय पाहिजे? काही पोरी लाजून गप्प राहिल्या. पण बऱ्याच बोलल्या, आणि प्रत्येकजण एकेकच गोष्ट बोलली. एकीला नदीपलीकडं नको होतं. एकीला दारू पिणारा नको होता, मग तो कलेक्टर असला तरी. एकीला माणूस कोणताही चालत होता, पण घरी संडास हवा होता. एका उत्तरात शंभर-शंभर मुलगे गळत, आणि जे चार-पाच उरत त्यांच्या पट्ट्याकडं रुखमाबाई हात करत.

जनरेटर व्यासपीठाच्या मागं भकभक करत होता आणि देवाजीभाऊ मशीनजवळ उभे राहून हे पाहत होते. बाईनं त्यांचाच जुना प्रोग्राम मैदानावर चालवला होता. फक्त पहिली ओळ वेगळी होती. ती त्यांच्या प्रोग्रामात कधीच नव्हती. ना जुन्या, ना नव्या.

रांग संपली. रुखमाबाई वहीवाल्या पोरीकडं वळल्या, व्यासपीठाच्या अगदी पायरीशी.

"अन् तुले व?"

दिव्यानीनं पेनचं टोपण लावलं. "मले दहावीवाला बी चालते, आजी. पन मी माही शाळा सोडनार नाई. घरून शाळंत सायकलनं जाता आलं पायजे, येवढंच."

"मंग तीन साल सांगतलं काऊन नाई?"

"इचारलं कोनी?" दिव्यानी म्हणाली. रागानं नाही, वर्गात हजेरी घ्यावी तितक्या साध्या आवाजात.

देवाजीभाऊंनी ते ऐकलं. त्यांनी मशीनच्या पडद्याकडं पाहिलं, कारण दुसरीकडं कुठं पाहायची सोय नव्हती. तिथं 'कृपया थांबा' असं होतं.

सायकलच्या अंतरात चार मुलगे निघाले. तिघं आठवड्याभरात पाहून गेले. चौथा तो इंजिनवाला प्रणित, बारावी पास, मत्स्यबीजाच्या टाक्या शाळेपासून सहा किलोमीटरवर. घरी आल्यावर त्यानं दिव्यानीला विचारलं की प्राणवायू कमी झाला की पिल्लं पहाटेच का मरतात, आणि त्यावर दोघं दीड तास बोलली. प्रेमिलाबाईंनी दोनदा पोहे केले. लग्न मे महिन्यात झालं, मार्कंड्याला, साधंसं. हे सगळं नीट झालं, त्यात सांगण्यासारखी गंमत नाही.

गंमत मशीनची. सुरू केलेलं काम अर्धवट टाकायचं नाही, हा देवाजीभाऊंचा नियम. मेळाव्याच्या रात्री त्यांनी मशीन घरी आणून पुन्हा बटण दाबलं, प्रणितचं इंजिन भाड्यानं घेतलं, कचेरीत किरकोळ रजा टाकली आणि तीन दिवस अकरा तास शेजारी बसले. आळीतली माणसं येऊन मशीनची तब्येत विचारून जात. गुरुवारी सकाळी यादी आली. दिव्यानीच्या नावापुढं सगळेच्या सगळे सहाशे बारा. पहिला क्रमांक, ऐंशी गुण, पिंटू भानारकर. तिचा सख्खा चुलत भाऊ. कोणालाच बाद करायचं नाही असं ठरल्यामुळं शिक्षणाचे दहा तसे कूळ एक असल्याचेही फक्त दहाच गुण कापले होते. बाकी उंची, विहीर, मामाचं गाव, सगळं तंतोतंत जुळत होतं. प्रणित तीनशे बहात्तरावा होता. प्रेमिलाबाई भिंतीला टेकून हसत राहिल्या, मग डोळ्याला पदर लावला, मग पुन्हा हसल्या. पोरीच्या बाबतीत तीन वर्षांत त्या पहिल्यांदाच हसत होत्या, म्हणून देवाजीभाऊंनी आपला अपमान पोटात घातला.

पुढल्या वर्षी काम सुरेंद्रकडं गेलं नाही, कारण हिशोबाच्या वेळी तोही हजर होता हे सगळ्यांना ठाऊक होतं. देवाजीभाऊंनी नवा फॉर्म छापून घेतला. मुलींच्या फॉर्मावर सर्वांत वर रकाना क्रमांक एक: 'मुलीस तिची इच्छा विचारली आहे काय? होय / नाही. मुलीची सही.' आणि प्रोग्रामाची पहिली ओळ तीच. उत्तर 'नाही' असेल तर पुढचा एकही प्रश्न विचारायचा नाही, पुढच्या फॉर्मावर जायचं. गाई एकदाच घरी आणायच्या, हेही त्यांनी दुरुस्त केलं, पण ती वेळ सहसा येणारच नव्हती.

पाचशे तीन मुलींचे फॉर्म आले. सुरेंद्र, वामनराव गुरुजी आणि देवाजीभाऊ असे तिघं समोर बसले. बटण दाबलं. चहाचा कप तोंडाला लागायच्या आत यादी संपली. सुरेंद्रनं मांडीवर थाप मारली आणि गुरुजींना म्हणाला, मी म्हणत नव्हतो, मशीन फास्ट पाहिजे. देवाजीभाऊंनी त्याला सांगितलं नाही की टेबलावरचा पडदा नवा असला तरी वायर कपाटावर, अभ्र्याखालच्या जुन्या मशीनला गेली होती.

गुरुजींनी यादी हातात घेतली. सव्वा पान. एवढीच का, असं त्यांनी विचारलं. देवाजीभाऊंनी सांगितलं, पाचशे तीन फॉर्मांत 'होय' आणि सही असलेले एकतीस आहेत. गुरुजी बराच वेळ पान उलटंसुलटं करत राहिले. मग म्हणाले, तो रकाना काढून टाका, मेळावा दिसायला बरा नाही दिसत. देवाजीभाऊंनी बावीस, आता तेवीस वर्षांच्या सवयीनं विचारलं, तसा लेखी ठराव देता काय? गुरुजींनी यादी खाली ठेवली.

उरलेले चारशे बहात्तर फॉर्म परत पाठवायचे होते. त्यासाठी देवाजीभाऊंनी चंद्रपूरहून रबरी शिक्का करून आणला होता: 'रकाना क्र. १ अपूर्ण, सबब परत.' गुरुजी आणि सुरेंद्र गेल्यावर त्यांनी शाईची डबी उघडली. पण पहिला शिक्का त्यांनी त्या गठ्ठ्यावर मारला नाही. फायलीतून त्यांनी तीन जुने फॉर्म काढले, सन दोन हजार एक, दोन आणि तीन. उमेदवाराचं नाव दिव्यानी देवाजी भानारकर, अक्षर त्यांचं स्वतःचं, वळणदार. त्या फॉर्मांवर असा रकाना नव्हताच. तरी त्यांनी तिन्हींवर शिक्का मारला, एकेक, नीट दाबून, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि मग गठ्ठा पुढं ओढला.